दहाची गोळी

बरक्याच्या प्लांटवर माझं काम साधं:
समुद्र आत येतो, गोडा होऊन बाहेर जातो,
मधल्या नळ्यांत क्षार धरू नये म्हणून
मी थेंब थेंब औषध सोडत राहतो.
बारा वर्षं झाली.
औषधानं काय केलं ते कुणाला दिसत नाही.
बंद केलं की दिसतं.

हे सगळं पाठ होतं
आणि तरी त्या फेब्रुवारीत पंपाशेजारी
मटकन खाली बसलो, तेव्हा मला वाटलं
दुपारची भेंडी बाधली.

मस्कतला नेलं. मनगटातून तार आत.
पडद्यावर माझीच नळी,
एका ठिकाणी दोऱ्याएवढी.
जाळी बसली. मी डॉक्टर कुरियनला विचारलं,
गॅरंटी किती वर्षांची?
तो हसला नाही.
म्हणाला, जाळी एक जागा धरून ठेवते.
बाकी लांबी तुमची.

तेव्हापासून तू.
फिकट गुलाबी, तुरीच्या दाण्याएवढी,
रात्री दहाला, पाण्याच्या घोटाबरोबर.
तुझ्यासोबत आलेल्या एकीला वर्षानं सुट्टी मिळाली.
तुला नाही.

खोलीत परकार होता, खेडचा.
त्याची जाळी माझ्याआधीची, रजेवर असताना बसवलेली.
गोळी तूच.
त्याच्या पोटऱ्या ओढायच्या. जिना उतरताना कठडा धरायचा.
एक दिवस रिपोर्ट नाचवत आला,
आकडा पंचावन्न! आता कशाला?
मी म्हणालो, आकडा पंचावन्न आहे तो तिच्यामुळेच.
तो म्हणाला, तू नळांचा माणूस,
तुला मीपण नळच वाटतो.

दोन वर्षं त्याला काहीही झालं नाही.
हे मुद्दाम लिहून ठेवतो.
नखलचा किल्ला चढला, माझ्यापुढे.
रात्री दहाला माझ्याकडे बघून
भुवई उडवायचा.

तिसऱ्या रमजानात, सहरीला उठला नाही म्हणून
मी दिवा लावला.
घामानं उशी भिजलेली, डोळे उघडे,
आणि हात छातीवर नव्हता,
जबड्यावर होता.

वाचला. जुनी जाळी साफ निघाली,
तिच्यापलीकडे चार बोटं नवं धरलं होतं.
आता जगबुडीच्या काठानं सकाळी चालतो,
दोनदा बसतो.
गोळी घेतो. कमी ताकदीची, दुसऱ्या नावाची.
पोटऱ्या दुखत नाहीत म्हणे.
आधीच विचारलं असतं तर,
हे तो बोलत नाही.
मीही नाही.

माझ्याही दुखतात कधीकधी.
ते तुझं, की बारा तास लोखंडी जाळीवर उभं राहण्याचं,
कोण सांगणार? कुरियनला सांगितलं मात्र.
त्यानं रक्त तपासलं आणि एक तक्ता दाखवला:
घेणारे शंभर, सोडणारे शंभर, दहा वर्षं.
ग्रुप फोटोत शोधावं तसा
मी त्यात मला शोधत बसलो.

दहाला इथे, देवरुखला साडेअकरा.
उज्ज्वला जागी असते. एक शब्द येतो: घेतली?
एक शब्द जातो: घेतली.
लग्नाला सत्तावीस वर्षं,
त्यातली एका छपराखाली सहा भरतील.
एवढं नेमानं आम्ही दुसरं काही बोललो नसू.
एकदा खोटं बोललो, कंटाळा आला होता.
मग अंधारात चाचपडत उठलो,
पाकिटाचा चुरचुर आवाज
तिला तिकडे ऐकू जाईल असा.

काल पाकिटात एकच खळगा भरलेला होता.
शुक्रवार म्हणून दुकान संध्याकाळी उघडलं.
काउंटरवरच्या बद्रियानं विचारलं,
किती महिन्यांच्या?

माझा करार चार महिन्यांत संपतोय.
त्याबरोबर विम्याचं कार्डही.

सहा, म्हणालो.