दोन ओगराळी

आईकडे भोपळ्याची दोन ओगराळी आहेत.
एक मोठं, आजोबांच्या शेतातल्या भोपळ्याचं,
काठाला एकदा तडकलेलं, शिवलेलं.
दुसरं लहान, बोलगाच्या बाजारातलं.
पहाटे चारला शाळेमागची चूल पेटवताना
तिचा हात ज्याच्याकडे जातो
त्यावरून मला कळतं,
अक्राहून पैसे आले की नाही.

पटावर आम्ही चारशे बारा.
एका मुलामागे, एका दिवसाचे
एक सेडी आणि वर थोडे पेसवे.
त्यात चवळी, गारी, पामतेल, मीठ, सरपण,
पाणी आणणाऱ्या दोघी,
भांडी घासणारी अटिपोका,
आणि उरलंच तर आई.

सत्र संपलं की बिल.
बिलावर हेडमास्तर अकोल्गोंची सही,
मग जिल्ह्याच्या साहेबांची,
मग ते कुठे जातं, आम्हाला दिसत नाही.
रेडिओवरचा माणूस म्हणतो, निधी मंजूर झाला आहे.
म्हणजे आडात आहे.
पोहरा आमच्यापर्यंत यायला दोन सत्रं लागतात.

तोवर लामिसी.
दर तिसऱ्या दिवशीच्या बाजारात
कडुनिंबाखाली बसून ती चवळी विकते.
सरकारला ती ओळखत नाही. आईला ओळखते.
आईला अक्षर येत नाही, म्हणून वही मी लिहिते:
चवळी, दहा मापं. बाकी.
चवळी, दहा मापं. बाकी.
चवळी, आठ.
सहावीच्या गणितात
बाकी म्हणजे भागून उरतं ते.
आईच्या वहीत
बाकी म्हणजे खाऊन कधीच संपलेलं.

नोव्हेंबरात एका मंगळवारी लहान ओगराळं निघालं.
रांगेत माझ्यामागे अवुनी होता.
ताटली बघून म्हणाला, तुझी आई चोरते.
मी वळले नाही.
मला वाढताना आईनं हात जरा उंच धरला
आणि सगळ्यांना दिसेल असं
ओगराळ्यातलं थोडं परत पातेल्यात सोडलं.
त्या रात्री मी तिच्याशी बोलले नाही.
तीही बोलली नाही. पातेलं खरवडत राहिली.

रांग संपली की दुसरी रांग लागते,
पटावर नावं नसलेल्यांची.
कुणी बहिणीच्या कमरेवर,
कुणाच्या हातात मार्गारीनचा डबा.
यांचे पैसे कुठल्याच बिलात बसत नाहीत.
अकोल्गो सर तेव्हा तिकडे पाठ करून
फळा पुसतात,
आधीच पुसलेला.

फेब्रुवारीत पैसे आले. मागच्या जूनचे.
जूनची चवळी जूनच्या भावानं,
आणि चवळी तर आता कुठल्या कुठे गेलेली.
आम्ही दोघी कडुनिंबाखाली गेलो.
लामिसीलाही अक्षर येत नाही.
टोमॅटो पेस्टच्या रिकाम्या डब्यात तिनं खडे ठेवले होते,
प्रत्येक उधारीचा एक.
तिनं ते फडक्यावर ओतले. मी मोजले, पुन्हा मोजले.
माझ्या वहीत छत्तीस नोंदी,
फडक्यावर पस्तीस खडे.
मी आईच्या कानात सांगितलं. हळू.
आई वाकली,
झाडाखालचा एक खडा उचलला
आणि फडक्यावर ठेवला.
लामिसी काहीच म्हणाली नाही.
पैसे मोजून घेतले
आणि पोत्याच्या तोंडाची सुतळी सोडून आईच्या हातात दिली.
मला वाटलं, हे काय देणं झालं?

दुसऱ्या दिवशी पहाटे मोठं ओगराळं निघालं.
इतके दिवस कोरडं पडून
त्याची जुनी शिवण उसवली होती.
चुलीच्या उजेडात आईनं ते मांडीवर घेतलं,
त्या सुतळीनं टाके घातले, दातानं तोडले.
तरी गळत होतं.

अवुनीनं दोन्ही हातांनी ताटली पुढे धरली.
आईनं वाढलं,
काठोकाठ,
अंगठा शिवणीवर दाबून.