बर्फातले पैसे

वेंगुर्ल्याच्या मासळीबाजारात
अठ्ठेचाळीस बोलके डबे बसवले मी.
डब्यामागे साठ रुपये,
पेट्रोल वेगळं देऊ म्हणाले होते, दिलं नाही.
सेहेचाळिसावा इंद्रायणी कुबलचा.

ती नको म्हणत होती.
कमरेची पिशवी थोपटून म्हणाली,
"ही माजी ब्यांक.
किती आसत ता हिका म्हायत नि माका."
मी हसलो.
छत्रीच्या दांड्याला चौकोनी कोड बांधला,
वरून प्लास्टिक, खवले उडतात म्हणून,
आणि नमुन्याला एक रुपया पाठवला.
डबा म्हणाला, एक रुपया मिळाला.
अख्ख्या ओळीने मान वळवली.

तिचा घोव त्याच आठवड्यात बाजारात यायला लागला.
बघायला नाही, ऐकायला.
मोरीचा वाटा, तीनशे.
सुंगटं, साडेचारशे.
भिंतीपलीकडे विडी ओढत तो बेरीज करायचा
आणि तिन्हीसांजेला आकडा घेऊन दारात उभा.
तांदळाच्या पिंपाच्या तळाशी
एकवीस वर्षं तिची एक जागा होती,
नोटांना तांदळाचा वास यायचा म्हणे.
हे इंद्रायणीने मला सांगितलं नाही.
शेजारच्या पास्कीन फर्नांडिसने सांगितलं,
बांगड्याचं पोट फाडता फाडता,
माझ्याकडे न बघता.

मेमध्ये कोणी पर्यटक अख्खी सुरमई घेऊन गेला.
बावीसशे.
घासाघीस केली नाही त्याने.
तेव्हाच कळायला हवं होतं.

बोटी वर ओढायचे दिवस आले,
पुढचे दोन महिने दर्या बंद,
मीठ-मिरची-तांदूळ भरून ठेवायची घाई,
आणि डबा गप्प.
बँकेत साहेब पडद्याकडे बघत म्हणाले,
खातं गोठवलंय.
त्या बावीसशेंना कुठल्यातरी गुन्ह्याचा वास येतोय.
तीन राज्यं पलीकडच्या पोलीस ठाण्याला लिहा.
वास, म्हणाले.
एका मासे विकणाऱ्या बाईला.

ती काही बोलली नाही तिथे.
बाहेर पायरीवर चप्पल शोधताना म्हणाली,
"बर्फातलो बांगडो निदान इकूक तरी येता.
माजे पैशे खंयच्या बर्फात घातल्यानी,
जे माकाच काढूक गावनत नाय?"
आणि मग, मला नाही, हातातल्या त्या डब्याकडे बघून,
"ह्यो बोलता खरो.
पण आयकता काय रे?"

मी फोन लावला.
मराठीसाठी तीन दाबा.
दाबलं.
तक्रारीसाठी सात.
आपला कॉल महत्त्वाचा आहे, असं
एक बाई सत्तावीस मिनिटं सांगत राहिली.
तीही डबाच होती.

आमच्याकडे गाऱ्हाण्याची रीत आहे.
सगळ्यांच्या वतीने एक जण बोलतो,
बाकीचे ओढीने म्हणतात, व्हय म्हाराजा.
समोर पाषाण असतो,
पण पाषाणाचं नाव ठाऊक असतं,
कोपला तर का कोपला, कौल लावून विचारता येतं.
इथे मी कोणापुढे उभा होतो, फोन कानाला लावून,
बाजाराच्या मागे, बर्फाचं पाणी वाहून जातं त्या गटाराशी?

आता ती पुन्हा पिशवी घेऊन बसते.
गिऱ्हाईक येतं, तिसऱ्यांचा वाटा उलटापालटा करतं,
छत्रीचा दांडा वरखाली बघतं.
कोड नाही? सुट्टे नाहीत हो मावशी.
आणि पास्कीनकडे सरकतं.
पास्कीन खाली मान घालून पैसे घेते,
डबा पैसे मोजून सांगतो,
भिंतीपलीकडे आता कोणी विडी ओढत नाही.
त्याला ऐकण्यासारखं काही उरलेलं नाही.

सेहेचाळिसावा डबा कंपनीला परत द्यायचाय.
नाहीतर दोनशे माझ्या खात्यातून
आपोआप जातील, मला न विचारता.
सध्या घरी आहे, खिडकीत.
काल रात्री अडीचला, सगळं निजलेलं असताना,
तो स्वच्छ शहरी मराठीत म्हणाला,
बॅटरी कमी आहे. कृपया चार्ज करा.

आणि अर्धवट झोपेत
माझ्या तोंडून गेलं,
व्हय म्हाराजा.