सहाशे रुपयांत

बजेट सहाशे. त्यातले ऐंशी
स्लीव्ह घेण्यातच गेले.
जमिनी विस्पी फुकट देतो,
बुटाच्या खोक्यातून मोजून चोवीस,
कोपरे मऊ पडलेल्या, एकीवर कुणाच्या तरी चहाचा डाग.
उरले छत्तीस पत्ते आणि पाचशेवीस रुपये.
भागाकार मी जिन्यातच केला.

माटुंग्याला, इडलीवाल्याच्या डोक्यावर त्याचं दुकान.
अर्ध्या जिन्यापर्यंत सांबार,
पुढे नव्या प्लास्टिकचा थंड वास.
दहा-दहावाल्या ट्रेसमोर दोन रविवार
मांडी ठोकून बसलो. बोटं काळी झाली.
सापडलं ते असं:

पांढरं मांजर. मैदानात आलं की एक लाइफ.
कंदील घेतलेली जोगीण,
दुसरं कुणीही आलं तरी एक लाइफ. तिच्या चार.
पखालवाला: लाइफ मिळाली की पत्ता ओढ.
बारा रुपयांना एक, हौसेने दोन घेतले.
आणि हत्ती, जो आपल्या प्रत्येक लाइफबरोबर
अंगाने थोडा थोडा भरत जातो.

सोनेरी पंखांची ती बाई काचेच्या कपाटात असते.
नऊशे.
तिच्याशिवाय हा डेक उभाच राहत नाही, सगळे म्हणाले.
मी तिला बघून घेतलं. तेवढं फुकट होतं.

सोमवार ते शनिवार मी काळाचौकीला
गाला मेडिकलच्या काउंटरमागे.
स्ट्रिप दहाची असते, माणसाला चार हव्या असतात.
कात्री लावायची. तारखेची बाजू दुकानात ठेवायची,
हा गालाशेठचा पहिला धडा.
घागबाई बीपीच्या दोनच नेतात,
परवा पुन्हा दोन.
पूर्ण घ्या की, म्हटलं एकदा.
म्हणाल्या, परवाचं परवा.

तर रविवारी समोर हृदान कापडिया, वय पंधरा,
नखं खाल्लेली, डेक लाल, सगळा विस्तव.
त्याच्या एका पत्त्यात माझा आठवड्याचा पगार
सहज झोपला असता.
मी बिलबुकाच्या पाठीवर आकडे लिहीत होतो:
वीस. सतरा. अठरा. एकोणीस. चौदा.
पंधरा. सोळा. सतरा.
तो तीन काढायचा, मी एक एक करून परत आणायचो.
हत्ती आला की तो जाळायचा,
मी दुसरा आणायचो, तो तोही जाळायचा.
बाकीची टेबलं संपली. पोरं आमच्याभोवती जमली.
कुणीतरी मागून म्हणालं, काका मरतच नाहीत.
मी चौतिसाचा आहे. पण ऐकून बरं वाटलं.

चाळीस. अठ्ठेचाळीस. मांजर, जोगीण, जोगीण.
पखालवाला पत्त्यामागून पत्ता देत होता
आणि मी घेत होतो,
मिळतंय तर नको कशाला म्हणा.
एकसष्टवर त्याने हात टेबलावर ठेवले
आणि माझ्या गठ्ठ्याकडे बोट केलं.

तिथे स्लीव्हच्या रंगाचं काही नव्हतं.
नुसतं टेबल.

नियम साधा आहे: ओढायला पत्ता नसेल तर हरलात.
लाइफ किती आहे ते कुणी विचारत नाही.
एकसष्टच्या खाली मी सवयीने रेघ ओढली,
बिलाखाली ओढतो तशी.
हृदानने हात पुढे केला, घामट, थोडा थरथरणारा.
म्हणाला, मला वाटलं माझंच संपणार.
म्हटलं, मलाही तसंच वाटलं होतं.

विस्पीने खालच्या खणातून एक काढलं:
जुनी धोबीण, कोपऱ्यात दुमड.
गेलेले सगळे पत्ते धुऊन पुन्हा गठ्ठ्यात घालते.
चाळीस रुपये. पहिल्या तारखेपर्यंत ठेवतो, म्हणाला,
आणि रबर लावून बाजूला ठेवलं.

आता तिच्यासाठी एक जागा करायची.
पखालवाला काढावा हे कुणीही सांगेल,
विस्पीनेही सांगितलं.
मी बसमध्ये डेक मांडीवर घेऊन दोनदा चाळला.
भोईवाडा आला तरी
तो काही हातातून सुटेना.