हक्कसोड

नोंदणी कचेरीबाहेर, पत्र्याखाली
माझं टेबल, प्रिंटर,
आणि पायाशी एक शिळा.
बाळकुमला टॉवरचा पाया खणताना निघाली,
पंचनाम्याला म्हणून ठाण्यात आणली,
नेणारे आले नाहीत. सात वर्षं झाली.

वर चंद्र-सूर्य, खाली गाढव,
मध्ये शिलाहारांच्या काळातल्या ओळी.
कॉलेजातली एक मुलगी पीठ चोळून वाचून गेली:
पूर्वेस तळे, पश्चिमेस वाट, उत्तरेस चिंच.
मला हसू आलं.
माझा मसुदा अजून तसाच,
पूर्वेस नाला, पश्चिमेस वाट,
उत्तरेस लिहून घेणाऱ्याचाच बंगला.

देणाऱ्या राजाचं नाव झिजलंय,
घेणाऱ्याचंही.
‘चंद्रसूर्य असेतो’ एवढं लागतं,
आणि शिवी.
गिऱ्हाइकांना मी दाखवायचो:
बघा, शब्द तेव्हाही कोणी पाळत नव्हतं,
गाढव उगाच कोरत नाहीत.

आज जनीबाय म्हात्रे आल्या,
दोन भाऊ, एक वहिनी, वकील.
वाचून दाखवणं माझं काम.
‘राजीखुशीने, अक्कलहुशारीने,
कोणाच्याही दडपणाशिवाय
माझा हिस्सा कायमचा सोडत आहे.’
‘कायमचा’पाशी त्यांनी हात वर केला.
मला वाटलं, पाणी हवंय.
त्यांचं बोट शिळेकडे. ह्ये काय?

सांगितलं, जरा अवघडत.
जो ही जमीन हिरावून घेईल
त्याच्या आईला हे गाढव.

भाऊ हसले.
जनीबाय वाकून बघत राहिल्या.
‘जमीन खानार तो,
नि गाढव त्याचे आयशीला?’

वकिलाने घड्याळ पाहिलं.
मी चष्मा पुसला, खाली बसलो,
सात वर्षांत पहिल्यांदा
गुडघे टेकून त्या दगडापुढे.
गाढवाखाली एक बाई आहे.
केस आहेत तिला, हातात बांगडी आहे.
मी तिला तडा समजत होतो.

मग सगळे एकदम बोलू लागले,
आईची शपथ, बापाचं आजारपण,
टोकनचा नंबर निघून चाललाय.
जनीबायचा अंगठा शाईने निळा,
कागदापासून वीतभर वर.
तो त्यांनी शिळेवर टेकवला, तिथेच, बाईपाशी.
पुसला की उठवला,
मला नीट दिसलं नाही.

‘उद्या येतो,’ मोठा भाऊ म्हणाला,
माझ्याकडे न बघता.

टायपिंगचे पैसे जनीबायनीच दिले,
कमरेच्या पिशवीतून, सुट्टे,
मोजून.