कोणाचाच नाही

दिग्रसला रऊफभाईच्या दुकानात
वरच्या रांगेत देव,
मधे निवृत्त मास्तर, शालश्रीफळासकट,
आणि खाली, भिंतीला टेकून
तयार होऊन पडलेले स्वर्गवासी
ज्यांना न्यायला अजून कोणी आलं नाही.

त्यांच्यातच होतं ते.
वीटकरी रंगाचा एक मोठा पट्टा,
त्यावर खरडल्यासारखं निळं,
आणि कोपऱ्यात पिवळा ठिपका,
सांडलेली हळद बोटानं पुसावी तसा.

“ते सँपल आहे, सिस्टर.
पट्टी दाखवायला कंपनीनं पाठवलं.
पट्टीचे साडेसहाशे, काच त्यातच.
आतल्याचे काय घेऊ तुमच्याकडून?”

मी आतलंच घेत होते.
सांगितलं नाही.
एकोणीस वर्षं दुसऱ्यांच्या भिंतींवर
तक्ते चिकटवत आले :
हात कसे धुवा, पाळणा कसा लांबवा,
प्रत्येक चित्राच्या तोंडात एक सूचना.
हे मला काहीच करायला सांगत नव्हतं.

पेपरात गुंडाळून, सुतळी बांधून
सव्वाचारच्या एसटीत चढले.
दीड फूट बाय दोन.
आमच्याकडे या मापाचा अर्थ एकच होतो.
एक म्हातारे उठून उभे राहिले.
“बसा बाई. मांडीवर घ्या, खाली नका ठेवू.”
मग आणखी हळू,
“घरचंच कोनी होतं का?”

नाही म्हणायला तोंड उघडलं,
तर समोरच्या बाईनं पदर डोक्यावर घेतला.
कंडक्टरनं सुट्ट्यांची कटकट केली नाही.
मी गप्प बसले
फाट्यापर्यंत,
वीटकरी पट्टा मांडीवर घेऊन
सुतकात.

लोमेशनं ड्रिल आणलं.
“वरती कोनती बाजू जी, सिस्टर?”
हूक एकीकडे, सही भलतीकडे.
दोघंही माना वाकड्या करून उभे.
शेवटी ठिपका वर घेतला,
ठिपका खाली बरा दिसत नाही एवढ्याच कारणानं.

पंचफुलाबाईनं चहा फुंकत निकाल दिला :
“माह्या मायेरच्या रस्त्यावर इटाची भट्टी हाये,
थेच होय हे. धूर काढाचा राह्यला.”
दुसऱ्या दिवशी परत आली, बघितलं,
आणि जरा रागावूनच म्हणाली,
“आज भट्टी नाई दिसत वं. काल त होती.”

पोळा गेला, थंडी पडली.
उपकेंद्रावर बीपी मोजायला ते म्हातारे आले.
मी ओळखलं नाही, त्यांनी ओळखलं.
क्वार्टरचं दार उघडं होतं.
दंडाला पट्टा बांधता बांधता
त्यांनी भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
“त्या दिवशी गाडीत हाच होता का?”
“हो.”
“कोनाचा होय?”
“कोणाचाच नाही, काका.”

पारा उतरेपर्यंत कोणी बोललं नाही.
“बरं झालं मंग,” ते म्हणाले,
“मी त उगाच इतके दिवस...”
पुढचं गिळलं.

एकशे छत्तीसवर नव्वद.
गोळी तीच ठेवा, म्हणाले मी.
बाही खाली करूनही
ते जरा वेळ बसून राहिले,
तिकडेच तोंड करून.