कारणाचा रकाना

तीन सेकंद.
मांडणीतली ताटं एकमेकींवर आपटली,
मांजर त्याआधीच जिन्याखाली जाऊन बसलं होतं,
आणि पारसिकच्या माथ्यावरून
फुगोबाचा डावा कान निखळला.

तुम्ही इथं नवे असाल, म्हणून सांगतो.
फुगोबा म्हणजे रविवारी सकाळी टीव्हीवर यायचा तो.
गाल फुगवून वादळं गिळायचा,
मग उचकी लागली की एकेक वादळ
भलत्याच गावात सोडून द्यायचा.
एक कान उभा, एक कललेला. मान नाहीच.
आमच्या खाणीवरचा धोंडा हुबेहूब तसा.

पण त्याआधी तो फुगोबा नव्हता.
आईनं त्याला कधी शेंदूर लावला नाही की नाव ठेवलं नाही.
शहाबाजच्या बांधावरून नुसती म्हणायची,
"धोंड्याची सावली आली, भाकरी सोडा."
घड्याळ होतं ते आमचं.
मग शेतं सिडकोला गेली,
घड्याळ मनगटावर आलं,
आणि मी सुरुंगवाला झालो.
तुमच्या सेक्टरातल्या रस्त्यांखाली जी खडी आहे
तिच्यातली बरीच मी जागी केलेली.

हर्षला सहा वर्षांची. डबा घेऊन आली,
वर बघितलं, डबा तिथंच टेकवला.
"बाबा, फुगोबा!"

भोकं पाडून झाली होती त्या दिवशी.
चार. प्रत्येक पाच फूट.
यल्लप्पा तोटे घेऊन वर चढत होता.
मी म्हटलं, भरू नको.
मुकादमाला सांगितलं, भोकांना पाणी लागलंय.
"मे महिन्यात?"
मे महिन्यात, म्हटलं.
त्यानं माझ्याकडं बघितलं, मग पोरीकडं,
आणि पलीकडच्या कड्यावर खुणेचा चुना मारायला सांगितला.
यल्लप्पानं चारी भोकं चिखलानं बुजवली,
वर हात पुसला, फुगोबाच्या गालाला.

पुढं शाळांच्या सहली आल्या,
वडापाववाल्यानं गाडीवर त्याचं चित्र काढलं,
बिल्डरनं जाहिरातीत लिहिलं: बाल्कनीतून फुगोबा.
मी कुणाला काही बोललो नाही.
वाचवलं, एवढंच मला माझ्यापुरतं माहीत होतं.

आता पोरं रडतायत.
मोठी माणसं जास्त, चाळिशीतली, पोटं सुटलेली.
कुणी कड्याखाली फुगे बांधून गेलं.
समिती झाली आहे. सिमेंटचा कान बसवू म्हणतात,
आत लोखंडी सळई, वर दगडासारखा रंग.
त्यांना अर्जावर जुन्या माणसाची सही हवी,
म्हणून परवा मला गाडीतून वर नेलं.

कान उताण पडला होता करवंदीच्या जाळीत.
केवढा मोठा. खालून कधी कळलं नव्हतं.
आणि त्याच्या तुटलेल्या बाजूला
वरपासून खालपर्यंत
एक अर्धी गोल खाच. सरळ. पन्हाळीसारखी.
दगडाची नैसर्गिक शीर अशी जात नाही.
मी तिच्यात बोट ठेवलं.
बरोबर बसलं.

समितीची बाई फोटो काढत होती.
"काका, निसर्गापुढे काय चालतं आपलं?"

खाचेच्या तळाशी चिखलाचा गोळा होता अजून,
नखानं उकरला तर मागं दगडाचं पीठ, पांढरं,
तीस वर्षं बंद असलेलं,
आणि अगदी कोरडं.
असलंच पीठ छातीत घेऊन यल्लप्पा गेला.
डॉक्टरनं कागदावर दमा लिहिला होता.

अर्जात नाव लिहिलं, वय लिहिलं.
कारणाच्या रकान्यात आधीच टाईप केलेलं: भूकंप.
पेन उघडं धरून मी बसलो.
खाली क्रशर सुरू झाला,
आणि करवंदीची पानं
तीन सेकंदांहून कितीतरी जास्त वेळ
हलत राहिली.