चार बाय दोनची चिंदी

रामटेकडीच्या लाइनीत आमच्या दारापुढे
दोन बादल्या असायच्या,
एक सगळ्यांची, एक अण्णांच्या खाकीची.
असं आता सांगतो आम्ही.
तेव्हा एकच होती.

अण्णा शस्त्रागारात. बावीस वर्षं.
फुलतरूच्या दोरीला चिंदी अडकवायची,
तेलात बुडवून नळीतून ओढायची.
पहिली काळी. दुसरी राखाडी.
तिसरी हिरवट निळी, ते तांबं, ते सांगायचे.
पांढरी निघेपर्यंत थांबायचं नाही.
हातमोज्यांचं खोकं होतं. खोक्याला सील होतं.
इन्स्पेक्शनला सील दाखवायचं असे.

उरलंसुरलं तेल घरी यायचं
खोकल्याच्या औषधाच्या बाटलीतून:
आईच्या शिलाई मशीनला, दाराच्या बिजागरीला,
विनायकच्या पाळण्याच्या कड्यांना.
पाळणा करकरायचा थांबला.
ढवळेवहिनींनीही वाटीभर मागून नेलं.

काळ्या चिंद्या बंबात.
काय पेटायच्या! रॉकेल नको, काही नको.
अंघोळीच्या पाण्याला मग पिकल्या केळ्याचा वास,
अजूनही फळांच्या गाडीपाशी मला
अण्णा ड्युटीवरून आल्यासारखं वाटतं.

विनायक चौथं सरताना बोलला.
पहिला शब्द कुठला, यावर घरात अजून वाद आहे.
दवाखान्यातल्या बाईंनी त्याचं रक्त काढलं,
भिंतीच्या रंगाचं विचारलं, काजळाचं, पाण्याच्या पाइपाचं,
सगळ्यात शेवटी, वडील काय करतात?
'बंदुका पुसतो,' अण्णा म्हणाले
आणि हात टेबलाखाली घेतले.

कागदावर शिसं होतं, आकड्यात.
रायफलीचा नंबर वाचावा तसा त्यांनी तो
बोट ठेवून दोनदा वाचला.
'मी कुणावर कधी झाडली नाही हो बाई.'
बाईंनी मान हलवली. त्या पुढच्या तारखेचं लिहीत होत्या.

घरी येऊन हात धुतले. साबणाने, मग राखेने,
मग तांब्याला लावतात तशी चिंच लावून.
पंचाने पुसले, पंचा खिडकीत धरून बघितला,
पुन्हा धुतले.
चौथ्या खेपेला आईने नळ बंद केला.

विनायक आता हडपसरला गॅरेजात आहे. हिशेब मी बघते.

पाळणा माळ्यावर आहे.
कुणाकडे बारसं निघालं की मागायला येतात.
आई देत नाही.
का म्हणून विचारलं तर म्हणते,
करकरतो फार.